बसायला नाही, उठायला

मी खुर्ची बोलतेय, रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमनाबींची. खुर्ची मिळाली की माणूस उठत नाही, असं पुढाऱ्यांबद्दल हसून म्हणता ना? माझं गाऱ्हाणं नेमकं तेच आहे, फक्त मला हसू येत नाही.

रोह्याच्या दत्ता सुताराने मला सागाची घडवली. सरळ पाठ, कडक बैठक, हात नाहीत. आमनाबींचे गुडघे झिजले, सजद्याला खाली बसवेना, म्हणून नमाजासाठी मला आणलं.

मग फिजिओवाल्या शीतलताई घरी आल्या. म्हणाल्या, "चाची, बसून राहाल तर गुडघे आणखी आखडतील. हिच्यावरनं रोज दहा वेळा उठा, बसा. थोडं दुखलं तरी घाबरू नका."

"या वयात उठाबशा? शाळंत मास्तरांनी कमी काढायला लावल्या काय?" आमनाबी म्हणाल्या. पण काढल्या. आधी तीन, मग पाच, महिनाभरात दहा. एका सकाळी कुंडलिका नदीच्या पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन आल्या. स्वतःच्या पायांनी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जायचं, एवढीच त्यांची हौस. त्या दिवशी माझा ऊर भरून आला.

त्याच संध्याकाळी गुडघा ठणकला. सून रिझवाना रडवेली झाली. तिने आखातात नवऱ्याला फोन लावला. "अम्मीला हलू देऊ नको," तमीम म्हणाला आणि आठवड्यात एक मऊ, खोल आरामखुर्ची दारात आली. शीतलताईंना 'आता नको' म्हणून कळवलं. पाणी हातात, ताट हातात. "तुमी बसा अम्मी, मी हाय ना." पोरीची माया खोटी नाही हो, पण त्या मायेनेच आमनाबींना बसवून टाकलं.

मी आता मागच्या पडवीत आहे. माझ्यावर पाण्याची कळशी असते. दारातून खोली दिसते.

काल आमनाबी उठायला गेल्या. एकदा, दोनदा, तीनदा. त्या खोल बैठकीतून वर येता येईना. शेवटी रिझवानाने काखेत हात घालून उठवलं.

"ती लाकडाची खुर्ची कुठं हाय गो?"

"ती टोचते तुमाला, अम्मी."

आमनाबींनी पुन्हा विचारलं नाही. मला त्याचीच भीती वाटते.

मला चार पाय आहेत, पण एक पाऊल टाकता येत नाही. त्यांचे दोन अजून चालू शकतील, पण दिवस फार उरले नाहीत. कुणीतरी ही कळशी उतरवा हो. मला त्यांच्यापुढे नेऊन ठेवा. बसायला नाही, उठायला.