ढगांखालची जमीन

लाजेपायी माणूस काय काय करतो ते माझ्याकडून ऐका. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचा तक्ता पाठ केला.

गेले होते खरं काय ते जाणून घ्यायला. पण पाळी जवळ आली तसा धीर सुटला. दार अर्धवट उघडं होतं आणि आतला माणूस मोठमोठ्यानं अक्षरं वाचत होता. बाहेर बाकावर बसून मीही त्याच्यामागून घोकायला लागले. शाळेत पाढेसुद्धा इतक्या मन लावून घोकले नव्हते. मग आत जाऊन वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." आजी म्हणाले याचा राग आला, आणि फसवलं याची लाज वाटली. जिना उतरताना लक्षात आलं की मला अक्षरं दिसत होती का आठवत होती, हेच आता मला सांगता येणार नव्हतं. म्हणजे पैसे देऊन होते त्याच जागी परत.

आता मुळापासून सांगते. मी जन्मभर नकाशांच्या कचेरीत काम केलं. डोंगर, ओढे, उंचीच्या रेषा, सगळं हातानं काढायचं. निवृत्त झाल्यावर एका छापखान्यात अर्धवेळ जायला लागले. तिथे डोंगर चढणाऱ्यांसाठी नकाशे छापतात. पहिला कागद मशीनमधून निघाला की तो माझ्याकडे यायचा. मी डोळ्यात तेल घालून तपासायचे, चुकीवर लाल खूण करायचे आणि सगळं बरोबर असेल तरच खाली सही करायचे. माझी सही नाही तर छपाई नाही. पायवाट चुकीच्या बाजूला छापली गेली तर कुणीतरी कड्यावरून खाली जाईल, इतकं साधं आहे ते.

आणि दुपारी घरी येऊन मी व्हिडिओ गेमची जमीन काढायचे. हे छापखान्यात कुणालाही माहीत नव्हतं. या वयात गेम, लोक तोंडात बोटं घालतील. नाद लावला तो भाच्यानं. माझ्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि माझ्याकडेच राहतो. यानातून ग्रहाग्रहांवर फिरायचा गेम आहे. मूळ गेममधले ग्रह अगदीच बोडके, म्हणून हौशी माणसं स्वतः जास्तीचं काम करून त्यावर चढवतात आणि सगळ्यांना फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. त्यातल्या एका ग्रहाची जमीन माझी. डोंगररांगा, कोरड्या नद्या, घळी, सगळं मी काढलेलं. त्यावरचे ढग भाच्याचे. मी त्याला ढगोबाच म्हणते.

त्याचे नवे ढग आले तेव्हा मी बघतच राहिले, खोटं कशाला बोलू. आधीचे ढग म्हणजे नुसती चिकटवलेली चित्रं होती. हे भरीव होते. यान आत शिरलं की उजेड हळूहळू मळायचा, कडेला उन्हाची किनार दिसायची, आणि बराच वेळ काही दिसेनासं होऊन अचानक खाली जमीन उघडायची. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पण जमीन उघडली की माझा जीव खाली जायचा. कारण ती पुसट दिसायची. उत्तरेची रांग मी नुकतीच नव्यानं काढली होती, एकेक घळ कोरून. आणि इथे बघावं तर पाटीवरून ओलं फडकं फिरवल्यासारखं. परत माझ्या चित्राच्या प्रोग्राममध्ये जाऊन बघावं तर रेषा लख्ख.

मला वाटलं, आपलंच काहीतरी बिनसलंय. मग लोकांचे शेरे यायला लागले. "ढग अप्रतिम, जमीन मात्र पूर्वीची राहिली नाही." एकानं लिहिलं, "काढणाऱ्याचा हात थकलेला दिसतो." तो कोण, मी कोण, कधी तोंड बघितलेलं नाही, पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. आता तुम्हीच विचार करा. काढताना जे मला लख्ख दिसतं ते चारचौघांना पुसट दिसतं. मग दोष कुणाचा? चारचौघांचे डोळे एकदम गेले, असं तर होत नाही ना.

मग छापखान्यातला प्रत्येक कागद मला घाबरवायला लागला. मी खिडकीशी नेऊन बघायचे, उलटा धरून बघायचे, सही करून परत मागवायचे. बायंडिंगचं काम करणारी मुलगी एकदा म्हणाली, "बाई, बरं नाही का?" मी तिच्या अंगावर खेकसले. डॉक्टरांकडे जाऊन तो तक्ता घोकून आले, आणि शेवटी मालकांकडे गेले आणि सांगितलं, डोळे साथ देत नाहीत, मला मोकळं करा. तक्ता पाठ केल्याचं सांगितलं नाही, तेवढी अब्रू राखली.

त्यांनी निरोपसमारंभ केला. मालक बोलले, मशीनवाला बोलला, आणि सगळ्यांनी मिळून मला भिंगाचा दिवा दिला. टेबलाला चिमट्यानं लावायचा, वाकवू तसा वाकतो. प्रेमानंच दिला हो. पण ते भिंग हातात घेऊन फोटोला उभं राहताना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. घरी आणून तो कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींखाली ठेवला. भाच्याला काही बोलले नाही. रोज ठरलेल्या वेळी पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि बागेत बसून परत यायचे.

भाच्याला दिवा सापडला तो चादर शोधताना. तो दिवा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दांडीला अजून चिठ्ठी बांधलेली होती, छापखान्याच्या सगळ्यांकडून अशी.

"आत्या, हे काय?"

"काम सोडलं," मी म्हणाले. "डोळे गेलेत माझे. आता हसायचं तर हस."

तो हसला नाही. तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याचा चेहरा उतरत उतरत असा झाला की मला वाटलं याला भोवळ येतेय.

"डोळे नाही गेलेले," तो म्हणाला. "मी केलंय ते."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं, थांबत थांबत. खरा ढग दाखवायचा म्हणजे तो भरीव लागतो. पडद्यावरच्या एकेका ठिपक्यासाठी मशीनला त्या ढगात पावलापावलानं शिरावं लागतं आणि दर पावलाला हिशोब करावा लागतो, इथे ढग किती दाट, ऊन किती पोचतं. एवढ्यानं मशीनची मेमरी भरते, दमछाक होते, चित्र अडखळायला लागतं. जुने कॉम्प्युटर असलेल्यांनी त्याला फाडून खाल्लं होतं, तुझे ढग बघायचे का फोटोंचा अल्बम म्हणून. मग कुठून तरी जागा करणं भाग होतं.

"मग ढग कमी करायचे," मी म्हणाले.

"ते जिवावर आलं माझ्या."

"मग?"

"ढग चालू केले की तुझं जमिनीचं चित्र पाव आकाराचं होऊन ताणून दिसावं, असं करून ठेवलं. आपोआप. मला वाटलं वरून कोण जमीन बघतंय."

"कुठे लिहिलंस का तसं?"

"नाही. एकदोघांनी विचारलं होतं. मी लिहिलं, जमीन माझी नाही."

तुम्हाला वाटेल माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली, पण नंतर. आधी मला इतका आनंद झाला की मी मटकन खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. डोळे शाबूत होते. रेषा खरोखरच लख्ख होत्या. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, जीव घेतला होतास माझा." तो रडायला लागला तरी मी हसतच होते.

मग हसता हसता माझ्या मनात आलं आणि मी विचारलं, "माझे डोळे गेलेत असं मला वाटतंय, हे तुला कधी कळलं?"

तो दिव्याला बांधलेल्या चिठ्ठीशी चाळा करायला लागला.

"आज दिवा बघून कळलं ना?"

"नाही," तो म्हणाला. "तू मला औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला सांगितलीस तेव्हा."

"आणि तू वाचलीस."

"वाचली."

मी त्याच्या डोक्यावरचा हात काढला. जमीन पुसट केली ते मी पदरात घातलं असतं. स्वतःच्या कामाचा मोह मलाही आहे. पण समोर आत्या बावरून पाकीट पुढे करतेय आणि हा तारीख वाचून दाखवतोय, वर म्हणतोय, "अजून बरीच मुदत आहे आत्या." तेही म्हणाला होता. मला आठवलं आणि मी त्याला त्या वेळी आशीर्वाद दिला होता, तेही आठवलं.

मी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "ऊठ. बस मशीनसमोर."

त्यानं माझी जमीन होती तशी केली. उत्तरेची रांग उघडली आणि सगळ्या घळी जागच्या जागी होत्या. पण यान ढगात शिरलं की चित्र दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं पायरी पायरीवर थांबायला लागलं. मग ढगांची पावलं कमी केली, ढग अर्ध्या आकारात काढून ताणले. चित्र पळायला लागलं, पण ढगाच्या आत शिरलं की रवा पसरल्यासारखं दिसायचं.

"भुरभुरीत दिसतंय आत्या," तो म्हणाला. "लाज वाटेल मला असं द्यायला."

"वाटू दे."

मग मीच त्याला सांगितलं की दक्षिणेच्या समुद्राजवळ ढग कधी हटतच नाहीत, तिथली जमीन खुशाल पाव आकाराची कर, तिथे मी फारसं काही काढलेलंच नाही. तेवढ्यानं ढगांना पुष्कळ जागा मिळाली. भुरभुर गेली नाही, पण बरीच निवळली. तो खुर्चीवरून माझ्याकडे बघत म्हणाला, "इतकं सोपं होतं?"

"विचारायचं होतंस," मी म्हणाले.

त्यानं सगळ्यांसाठी लिहून टाकलं, जमीन पुसट दिसत होती ती माझ्यामुळे, आत्यामुळे नाही. लोकांनी त्याला धू धू धुतलं. मी एकूण एक शेरा वाचला, चष्मा न लावता वाचला, आणि मला बरं वाटलं. पोटच्या पोरासारखं वाढवतेय त्याला, आणि लोक शिव्या देताहेत त्या चवीनं वाचतेय. मग मशीन बंद केलं. स्वतःचीच शरम वाटली.

छापखान्यात परत जायचं तर डोळे कसे आले ते सांगणं भाग होतं. डॉक्टरांवर ढकलता आलं असतं. पण एकदा त्यांना फसवून झालं होतं, परत तेच करणं जमेना. भाचा म्हणाला, मी येतो, मीच सांगतो सगळं. मी म्हटलं, तू बाहेर पायरीवर बस, माझं मी बघून घेईन.

मालकांच्या टेबलाशी उभी राहून मी सांगितलं. गेम, ग्रह, जमीन, ढग, सगळं. मशीन बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मशीनवाला म्हणाला, "म्हणजे बाई घरी यान उडवतात होय?" आणि जो हशा पिकला तो मी नाक मुठीत धरून सोसला. बायंडिंगची मुलगी तेवढी हसली नाही. माझं काम सध्या तिच्या गळ्यात पडलं होतं आणि तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तिनं खुर्ची पुढे केली.

मालक म्हणाले, "डोळे आहेत ना जागेवर? मग बसा बघू." आणि नुकताच निघालेला कागद माझ्यासमोर ठेवला.

लहानसा नकाशा होता. एक डोंगर, दोन वाटा, एक ओढा. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. एकही चूक नव्हती, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. पेन उचललं आणि सही करायला हात खाली न्यायला गेले तर तो जाईना. मला स्वच्छ दिसतंय, पण लोकांना पुसट दिसत होतं तेव्हाही मला स्वच्छच दिसत होतं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मालक उभे होते. शेवटी मी त्या मुलीला हळूच म्हणाले, "जरा बघतेस का गं, एकदा?" तिनं बघितलं, म्हणाली, "बरोबर आहे बाई." मग मी सही केली.

इतक्या वर्षांत मी सहीआधी कुणाला विचारलं नव्हतं.

बाहेर आले तर भाचा पायरीवरून ताडकन उठला. "घेतलं परत?"

"घेतलं."

त्याचा चेहरा असा खुलला की लहानपणचा दिसायला लागला. "म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं ना, आत्या?"

मी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्याची चूक दिसली की त्यावर लाल खूण करायची, हेच मी जन्मभर करत आले. ही तशीच सोडली. "झालं," मी म्हणाले, आणि त्याच्या आधाराशिवाय पायऱ्या उतरले.