घरात आणलेले फोटो

राजानंद जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी मोनालीचा मोबाइल रोज सकाळी त्याचा एखादा फोटो आपणहून पुढं करायचा. 'चार वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी.' बदनापूरच्या कॉलेजात जायची घाई, चपला घालत असताना एकदम नवरा हसताना दिसायचा. आठवण कधी काढायची हेही फोटो साठवणाऱ्या कंपनीनंच ठरवावं, याचा तिला शीण आला होता.

ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. घरचा जुना कॉम्प्युटर तिनं इन्व्हर्टरला जोडला, त्यात नवी हार्डडिस्क बसवली आणि फोटो, मेल घरच्या घरी ठेवायला त्याचाच सर्व्हर केला. राजानंदनं त्या कंपनीकडं घरातल्या सगळ्यांसाठी एकच खातं काढलेलं होतं. त्यातले फोटो तिनं आपल्या सर्व्हरवर उतरवून घेतले आणि तिथले पुसून टाकले. मग मेलही घरी आणली, स्वतःच्या नावाचा नवा पत्ता घेऊन.

फोटोंचं बरोबर जमलं. मेलनं मात्र तिला दमवलं. तिनं पाठवलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जायची, नाहीतर पोचायचीच नाही. रजेचा अर्ज मिळालाच नाही म्हणून प्राचार्यांनी बोलावून घेतलं. दुपारची लाइट गेली की इन्व्हर्टर थोड्या वेळात मान टाकायचा आणि सर्व्हर बंद पडायचा. घरी आल्यावर आधी तो सुरू करायचा, मग स्वयंपाक. शिवाय प्रत्येक मेलमागं एक फोन, मिळाली का म्हणून.

एका रविवारी ती भाजी चिरत होती. सासूबाई, बेबीनंदा, आपला मोबाइल घेऊन ओट्यापाशी आल्या.

"याच्यात राजाचा फोटो येऊनच न्हाई राह्यला. बिघडला का बघ बरं."

मोनालीला आधी कळेचना. मग लक्षात आलं, त्यांच्या मोबाइलवरही तेच खातं होतं. त्या रोज सकाळची बुद्धवंदना झाली की पलंगावर बसून त्या फोटोची वाट बघायच्या. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि हिनं कधी विचारलं नव्हतं. राजानंदचं नाव घरात दोघीही एकमेकींसमोर टाळायच्या.

"मीच बंद केलं, आई. मला बघवत नव्हतं."

बेबीनंदा रागावल्या नाहीत. मोबाइल पदराला पुसत म्हणाल्या, "मला वाटलं, यालाबी इसर पडला त्याचा."

मोनालीनं सुरी बाजूला ठेवली. सगळंच घरी आणायचा हट्ट सोडून त्याच दुपारी तिनं मेल परत जुन्या खात्यावर नेली. हरल्यासारखं वाटलं, पण एक ओझंही उतरलं. सर्व्हर तिनं फोटोंसाठी चालू ठेवला आणि रोजचा एक फोटो फक्त सासूबाईंच्या मोबाइलवर दिसेल, असं करून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. हसनाबादच्या लग्नातला फोटो होता. मांडवात राजानंद जिलबीचं ताट धरून उभा होता. मोनाली दारातच थांबली, मग जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

"किती वाळला व्हता तवा," बेबीनंदा म्हणाल्या.

"नवीन नोकरी होती. वेळेवर जेवायचेच नाहीत."

"मला न्हाई सांगितलं कधी."

"मला पण नंतरच कळलं," मोनाली म्हणाली. पोळ्या लाटायच्या राहिल्या होत्या. ती तशीच बसून राहिली.