माउली वाल्मिकच्या घरून यायची होती

आमच्या सायलीचं लग्न झालं ते साल २०२२. बेलापूरच्या अलीकडं आमच्या वस्तीवरच मांडव घातला होता. पोरीचा सख्खा चुलता वाल्मिक मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला, लांबूनच हात वर करून तिला आशीर्वाद दिला आणि न जेवता गेला. त्याचं घर आमच्यापासून एका बांधावर. तरी तीन वर्षांत त्यानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

सासूबाई वाल्मिकच्या घरी वारल्या तेव्हा माझे मालक, सहादू, कांद्याच्या ट्रकबरोबर गुजरातेत होते. फोन लागेना. उन्हाळा मोठा, देह ठेवता येईना. वाल्मिकनं फादरांना बोलावून माती दिली. मालक आले तोवर कबरीवरची फुलं करपली होती. तिथंच, क्रुसापाशी, सगळ्यांदेखत ते भावाला म्हणाले, "आजपासून माझ्या घरात पाय टाकू नको." वाल्मिकनं फक्त मान हलवली, आणि ते पाळलं.

लग्नानंतर मालकांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरात सांगितलं, घरी न्या. घरी आल्यापासून ते खाटेवरून दाराकडं बघत राहायचे. आई कशी गेली, हे त्यांना विचारायचं होतं. ते एका वाल्मिकला ठाऊक होतं. दुसरं कुणी तेव्हा तिच्याजवळ नव्हतं.

"बोलवू का भावजींना?" मी म्हणायची.

"मी न्हाई बोलवायचो. दार उघडंच हाय."

एकदा मी स्वतःच गेले. वाल्मिक गाईला घास टाकत होता.

"दादानं बोलवलं का?"

"बोलवलं न्हाई, पन..."

"मग कसा येऊ, वयनी? त्यानं बंद केलं, त्यानंच उघडावं."

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती वस्तीवर घरोघर फिरते. एका घरी एक रात्र राहते, दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी जाते. आमच्यात रिवाज असा, की ज्या घरी ती राहिली त्या घरच्या माणसानं तिला उचलून न्यायची आणि पुढच्या घरात स्वतःच्या हातानं मांडायची. वाल्मिकच्या घरानंतर आमचं घर. भांडण झालं त्या वर्षी त्याच्या पोरानं, तुषारनं आणली होती. मग करोनात ती देवळात, चर्चमध्येच राहिली. आता तुषार पुण्याला कंपनीत होता.

त्या दिवशी दुपारपासून माझं कशात चित्त नव्हतं. घर सारवून झालं तरी पुन्हा झाडलं. मेणबत्त्या काढल्या, काडीपेटी कुठं ठेवली ते आठवेना. टेबलावर पांढरी चादर घातली, झेंडूचे हार ठेवले.

"टेबल हिकडं घे," मालक म्हणाले. घेतलं. "न्हाई, पहिलं हुतं तिथंच ऱ्हाऊ दे. आन् मला शर्ट घाल."

"आवं, पोटावर बसत न्हाई त्यो."

"वरची बटनं लाव. खाली चादर वढ."

दिवस मावळला. मी दारात जायची, आत यायची. "गानं ऐकू येतं का?" ते विचारायचे. येत नव्हतं. मग आलं. वाल्मिकच्या अंगणातून मेणबत्त्या निघाल्या, बांधावरून हलत आल्या आणि वळणावर थांबल्या. गाणंही थांबलं. तिथून उजवीकडं गेलं की सुरेखाचं घर, आमच्यानंतरची पाळी तिची. आमचं घर टाळून माउली पुढं नेतो की काय? मी अनवाणीच चिखलात उतरले. तेवढ्यात मेणबत्त्या डावीकडं वळल्या. वाऱ्यानं काही विझल्या होत्या, त्या पेटवायला थांबले होते.

वाल्मिक उंबऱ्याशी आला. दोन्ही हातांत माउली. त्यानं ती माझ्यापुढं धरली.

"घ्या, वयनी."

मागून सुरेखा ओरडली, "आरं वाल्मिक, आत ठिव की! माउलीला काय भिकाऱ्यावानी दारातनं भाकर वाढून वाटंला लावतो का?"

बाया हसल्या. तो हसला नाही. हात तसेच पुढं.

मी माझे हात पाठीमागं नेले.

"मी न्हाई घ्यायची. रिवाज हाय. तुमी मांडा."

"दादाला इचारा."

आतून काहीच आवाज नाही. मूर्ती जड, वाल्मिकनं ती छातीशी टेकवली. मला वाटलं, हा आता मागं फिरणार आणि मी हात का लपवले असं मला जन्मभर वाटत राहणार. मी आत तोंड करून ओरडले, "आवं, बोला की!"

"वाल्या," मालक म्हणाले, "माउलीला किती येळ उभी करतो?"

"ती यीलच. मी येऊ का, ते सांग."

मालकांना खोकला आला. तो थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"ये," ते म्हणाले.

वाल्मिकनं पायानंच चपला काढल्या, आत आला आणि माउली टेबलावर ठेवली.

"वाकडी ठिवली."

"सरळच हाय. तूच वाकडा निजलाय."

सुरेखानं लगेच जपमाळ सुरू केली, नाहीतर सगळे तसेच बघत उभे राहिले असते. चहा पिऊन लोक गेले. वाल्मिक खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला.

"आई कशी गेली रं?"

"सकाळी च्या मागितला. बशीत वतून दिला. निवंस्तवर डोळे मिटले."

"माझं नाव घेतलं का?"

"न्हाई. माझं बी न्हाई घेतलं."

"तरास?"

"काय बी न्हाई झाला."

मालकांनी मान हलवली. नंतर ते झोपले, पण मी नाही. माउलीपुढची मेणबत्ती सारखी फडफडत होती आणि मी उठून उठून त्यांचा श्वास बघत होते.

दुसऱ्या संध्याकाळी माउली सुरेखाकडं जायची होती. मालकांना उठता येईना. "माझ्या घरचा म्हनून तू ने," ते वाल्मिकला म्हणाले. त्यानं नेली.

माझे मालक सहादू त्रिभुवन बुधवारी, १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी वारले.