साफ केलेले सूर

वैजनाथआप्पांचे पुढचे सगळे दात सोमवारी काढायचे, असं लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं आणि त्यांच्या लेकीला, अंबिकेला, आधी आठवली ती सनई. शुगरनं हिरड्या पार खाऊन टाकल्या होत्या. दात गेले की ओठ आत जाणार, आणि ओठांनी सनईच्या तोंडाची पत्ती धरली नाही तर ती वाजणार कशी? औशाच्या देवळात उभा जन्म सनई वाजवलेला माणूस! आणि त्यांचं वाजवणं कुणी मोबाइलवर घेतलं असलंच, तर त्यात विजेवरचा नगारा आणि घंटा सोडून काही ऐकूच येत नव्हतं.

पण अंबिका हातपाय गाळणारी नव्हती. क्लासवर फिजिक्स शिकवून आली की ती लॅपटॉप उघडून ऑर्केस्ट्राचं संगीत करायला शिकायची. व्हायोलिन, चेलो, जन्मात डोळ्यांनी न पाहिलेली वाद्यं छोट्या कीबोर्डवर वाजवायची. परदेशात कुणीतरी एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेला, पट्टी दाबली की तो हजर. तिनं ठरवून टाकलं, आप्पांची सनई अशीच सुरासुरानं भरून ठेवायची. मग दात गेले तर गेले, आप्पा वाजत राहतील.

मागच्या खोलीत गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, फ्रीजही बंद केला.

"एकच सूर, आप्पा. सरळ. आधी हळू, मग जोरात."

आता रागदारीत मुरलेल्या माणसाला एकटा सा धरून बसवायचं, म्हणजे शिक्षाच की हो! आप्पा घामानं निथळत होते. हिरड्यांतून रक्त आलं की चूळ भरायचे आणि पुन्हा बसायचे. पण सूर संपता संपता त्यांना राहवायचं नाही. शेवटी चिमूटभर काहीतरी वाजवूनच मोकळे व्हायचे.

"आप्पा! सगळा टेक खराब करून राहिलात तुम्ही!"

"आपोआप येतंय गं बाई. एकटा सूर लई केविलवाणा वाटतो."

"वाटू द्या. मला तसाच पाहिजे."

रविवारी त्यांनी भीत भीत विचारलं, "एक भैरव वाजवू का? पुरा. एकदाच."

"नंतर, आप्पा. वरचे सूर राहिलेत अजून, ओठ सांभाळा."

वरचे सूर झाले तोवर ओठ सुजून भाकरीएवढे झाले होते. सोमवारी दात गेले.

मग अंबिका सूर साफ करत बसली. श्वास कापले, खोकला कापला, सुरांच्या शेवटचं ते चिमूटभर वाजवणं कापलं. लॅपटॉप भरत आला तशी मूळ रेकॉर्डिंगही उडवून टाकली. उरले ते स्वच्छ सूर, पट्टीला एक.

महिन्याभरानं तिची रचना तयार झाली. मागं पन्नास व्हायोलिन, पुढं सनई. तिनं आप्पांच्या कानांवर हेडफोन चढवले. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं.

"आवाज माझाच हाय," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "वाजवतंय कोण?"

"मीच, आप्पा."

"हाव. छान वाजवलंस." त्यांनी हेडफोन कानांवर नीट बसवले. मग म्हणाले, "आता ते लाव की. मधीमधी मी वाजवायचो अन् तू ओरडायचीस, ते."

अंबिकेनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. काही नाही हे ठाऊक असून ती फोल्डरमागून फोल्डर उघडत राहिली. आप्पा हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते.

"पुसलं मी ते, आप्पा."

"सगळं?"

"सगळं." आणि तिला रडू फुटलं. आपल्या हातानं आपण काय करून बसलो, हे तिला आत्ता कळत होतं.

आप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको. मुद्दाम थोडंच केलंस?" ते म्हणाले. "मला वाटलं, एकदा ऐकावं, आपण कसं वाजवत होतो ते. कधी ऐकलंच न्हाई."