चाळीस काट्यांवरचं नाव

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कलीमभाई वजनकाटे बनवत. काट्याच्या पडद्यामागचा प्रोग्राम आर्णीकडच्या जीवनने दिलेला. दिलेला म्हणजे नेटवरून उतरवलेला. तिथे तो सगळ्यांना खुला होता: वापरा, बदला, विका; मात्र लिहिणाऱ्याचं नाव राहू द्या, आणि घेणाऱ्यालाही तो तसाच खुला द्या. जीवनने पहिल्या तीन गोष्टी मनोभावे पाळल्या. मग नाव पुसून आपलं टाकलं.

कलीमभाईंच्या घराण्यात घडवणाऱ्याचं नाव वस्तूवर ठोकायची रीत. त्यांनी न विचारताच पितळी पाट्या कोरून आणल्या: 'प्रोग्राम - जीवन रामलाल'. चाळीस काटे, चाळीस पाट्या. तेव्हापासून ते त्याला 'सर' म्हणत. जीवनने एकदा नको म्हटलं. एकदाच.

मग वकिलाचं पत्र आलं. तेही कलीमभाईंना, कारण विकणारे ते.

"सर, कोनी परदेशातली बाई म्हनते, प्रोग्राम तिनं लिहिला, आपन चोरला. मी वकिलाले सांगून आलो, आमच्या सरांनी सोता लिहिला."

"कलीमभाई, मी नाही लिहिला. फुकट होता, उतरवला."

"फुकट होता, तं नाव कायले पुसलं?"

कलीमभाईंनी चहा मागवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वकील म्हने, मले मालूम नव्हतं हे चालत नाही. महिन्यात दुरुस्त करा, नाहीतं काटे बंद. कसं करता, सर?"

त्या 'सर'ने जीवनची मान आणखी खाली गेली.

त्याने प्रोग्रामात बाईंचं नाव परत घातलं, तो सगळ्यांना खुला केला आणि गावोगाव पाट्या काढत फिरला. एकोणचाळीस ठिकाणी लोकांनी विचारलं. एकोणचाळीस ठिकाणी तो म्हणाला, "मेंटेनन्स."

चाळिसावा काटा त्याच्याच तांड्यावर. कापूस मोजायला रांग लागलेली. पाटीवर आईने, सोनीबाईने, हळदकुंकू लावलेलं.

"काहून काढून राह्यला? तुह्या बापाचं नाव हाय त्याच्यात."

म्हणूनच इथे 'मेंटेनन्स' तोंडातून निघेना.

"याडी, काम दुसऱ्या बाईचं हाय. मी आपलं नाव लावलं."

सोनीबाईने पदराने कुंकू पुसलं.

"तिले माफी मांगतली?"

वकिलाला लिहिलं होतं. बाईंना लिहायचं राहिलंच होतं. जीवनने तिथेच मोबाईल काढला.

"मोठ्यानं बोलत लिही," सोनीबाई रांगेकडे हात करून म्हणाली. "हे सारे तुले सरच म्हनतेत."