पुढचे दोन शब्द

मी ऑक्सिजन सेन्सर बोलतोय. गाडीचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, तिच्यात नाक खुपसून मी जन्म काढला. धुराचा वास घ्यायचा आणि इंजिनात हवा जास्त जातेय की पेट्रोल, ते सांगायचं. मी खोटं बोलत नाही. माणसं ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

माझ्या मालकीणबाई निवृत्त नर्स. आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला, त्या नवऱ्याला डायलिसिसला नेत. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला मिळे. एका सकाळी गाडी सिग्नलला थरथरली आणि बंदच पडली. मागच्या सीटवर सुजलेले पाय घेऊन नवरा बसला होता. त्या दिवशी त्याची पाळी हुकली. मी तर केव्हापासून घसा फोडत होतो, हवा जास्त होतेय! समोरचा पिवळा दिवाही माझ्याच ओरडण्याने पेटला होता.

गॅरेजवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण तो समोरच्याला बोलूच देत नसे. त्याने स्कॅनर लावला. कागदावर आलं, 'ऑक्सिजन सेन्सर: मिश्रण पातळ'. म्हणजे हवा जास्त, माझंच म्हणणं. पहिले दोन शब्द वाचून गृहस्थांचं वाचन आटोपलं.

"सेन्सर गेला, ताई. बदलून टाकू."

"पण भाऊ, आतून सुस्स असा आवाज येतोय."

"जुनी गाडी कुरकुरणारच. वीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

उपटलंच असेल! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला पान्याने ओढून काढलं आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलं.

चौथ्या दिवशी गाडी परत दारात, दिवा तसाच पेटलेला. माझ्या जागी आलेला नवा बिचारा माझंच वाक्य बोलत होता.

"हा डुप्लिकेट निघाला," प्रोफेसर म्हणाला. अक्कल मात्र ओरिजिनल!

बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं, कान खाली नेला. माणसांच्या छातीतली घरघर ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. रबराच्या एका नळीला चीर गेली होती, तिथून हवा आत शिरत होती. त्यांनी चिरेवर अंगठा दाबला. थरथर थांबली.

"ही नळी बदला, भाऊ. उद्या सातला यांना पोचवायचंय."

नळी बदलली. बाई निघाल्या, तेव्हा प्रोफेसर म्हणतो कसा, "बघा ताई, नव्या सेन्सरने गाडी कशी लोण्यासारखी झाली!"

त्या पुन्हा आल्या नाहीत. म्हणजे वेळेवर पोचत असणार. मला तेवढं पुरे.

मी अजून धडधाकट आहे, याच टेबलावर. माझ्याखाली कागदांचा गठ्ठा वाढतोय. बाबांनो, दिवा लागला तर कागद शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं.

आत्ताच एक गाडी आली. प्रोफेसरने मला उचललं, स्कॅनरचा नवा कागद गठ्ठ्यावर टाकला आणि मला पुन्हा वर ठेवलं. नेमकं पुढच्या दोन शब्दांवर.

"सेन्सर गेला," तो म्हणतोय.