मल्लेशमचं दुसरं मरण

भूमेश राजव्वाच्या अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

"या, बातमीदार! आज कुणाला मारलंत?"

भूमेशनं खिशातला कागद चाचपला. त्यावर राजव्वाची सही झाली नाही, तर तिच्या नवऱ्याचं, मल्लेशमचं प्रेत आखातातच पुरलं जाणार होतं, आणि तिची सही आणायची पाळी आली होती याच खोटारड्यावर. गावातून दुसरं कुणी पुढं झालं नव्हतं.

गेल्या वर्षी तिकडं कामगारांच्या छावणीला आग लागली. मेलेल्यांत कुणी मल्लेशम होता. जगित्यालच्या बाजूला दर दोन घरांआड एक मल्लेशम असतो, घराणं विचारल्याशिवाय माणूस कळत नाही. पण चॅनेलवाल्यांना सगळ्यांच्या आधी बातमी हवी होती, आणि भूमेशला त्यांची शाबासकी. तो कॅमेरा घेऊन थेट याच अंगणात घुसला होता. राजव्वाचा आक्रोश दिवसभर टीव्हीवर चालला. प्रेत नाही म्हणून गवताचा पुतळा जाळला, दहाव्याला तिच्या बांगड्या फोडल्या. बाराव्या दिवशी मल्लेशमचा फोन आला. तो नुसता दवाखान्यात पडून होता. चॅनेलनं साधी माफीसुद्धा मागितली नाही. मेलेल्या मनाची माणसं, दुसरं काय!

"वहिनी, मल्लेशमदादा गेले. पहाटे झोपेतच. छातीत कळ आली म्हणे. प्रेत गावी आणायचं तर या कागदावर तुमची सही हवी."

राजव्वा खदखदून हसली. "एकदा जाळलंय मी त्यांना. आता परत? परवाच बोललेत माझ्याशी. मुलीसाठी पैंजण घेतलेत म्हणाले."

"घराणं विचारलं, वहिनी. त्यांच्या खोलीतल्या चौघांशी बोललो. माझ्या लेकीची शपथ."

"तेव्हाही 'खात्रीची बातमी' म्हणाला होतास, मेल्या!"

भूमेशनं मान खाली घातली. राजव्वानं विडीला दोरा गुंडाळला, आणि त्याच्यामागं फाटकाकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. तिथं कुणीच नव्हतं.

"कॅमेरा कुठंय तुझा?"

"नाही आणला."

"एकटाच आलास?"

"हो, वहिनी."

तिच्या हातातली विडी उलगडली. तंबाखू लुगड्यावर सांडली, ती तिनं झटकलीही नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी तिनं कागदासाठी हात पुढं केला. सही वेडीवाकडी आली.

"भूमेश," ती म्हणाली, "हे टीव्हीवर सांगू नकोस. लोकांना खोटं वाटेल."